दुपट्ट्याला दुपट्टा

जानराव एका जागी बसला आहे, असं जऊळक्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं. जेवताना त्याचा गुडघा हलत असायचा. पंगतीत भाकरी येईपर्यंत तो दोनदा उठून चुलीपाशी डोकावून यायचा. शेतात वखर धरला की बैल थकायचे, हा नाही. त्याची बायको मनकर्णाबाई वैतागून म्हणायची, "मेल्यावर तरी तिरडीवर गप पडून राह्यजा. खांदा देणाऱ्याइले तरास देऊ नोको."

आठ एकर जमीन, एक बैलजोडी आणि एकुलती एक लेक चतुरा, त्याची लाडाची चतुरी, एवढा त्याचा संसार. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. मिरवायला होती ती दंगल, म्हणजे कुस्त्यांचा फड. कारंज्यापासून रिसोडपर्यंत कुठंही कुस्त्या लागल्या, की जानराव आणि त्याचा जोडीदार जगदेव डफडं घेऊन हजर. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. पैलवानाची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. मग जिंकणाऱ्याची माणसं आखाड्यात धावतात, त्याला खांद्यावर घेतात, त्याच्या डोक्याला फेटा बांधतात, आणि हरलेली माणसं निमूट बाजूला सरकतात. या धावण्यात वीस वर्षं जानरावाचा पहिला नंबर होता. समोरच्याची पाठ टेकते न टेकते तोच हा गर्दीच्या डोक्यावरून आत. पैलवानापेक्षा याचीच उडी बघायला येणारे लोक होते, असं जगदेव सांगायचा. जगदेवाच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्या, तरी निम्मं उरतंच.

आणि त्या उडीनंच घात केला.

सन पस्तीसच्या सुमारास रेल्वेच्या एका साहेबानं जऊळका स्टेशनच्या मैदानावर फुटबॉल आणला. लायनीवर काम करणारी पोरं संध्याकाळी त्याला लाथा घालू लागली. हळूहळू गावातलीही चार-सहा पोरं त्यात शिरली. त्यांच्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेला, गँगमध्ये कामाला असलेला रूपला असा पळायचा, की म्हातारेकोतारे चावडी सोडून मैदानावर येऊन बसायचे. तिकडं अनसिंगच्या एका देशमुखाचा मुलगा अकोल्याला शिकत होता, त्यानं अनसिंगला संघ उभा केला. कार्तिकात दोन्ही गावांचा सामना ठरला, जऊळक्याच्या मैदानावर. बांबूचे खांब रोवले, चुन्याच्या रेघा मारल्या, चारी बाजूंनी सुंभाची दोरी ओढली. स्टेशनचे तारबाबू शिट्टी घेऊन पंच झाले.

अनसिंगहून गाड्या भरभरून माणसं आली. त्यांत जानरावाचे व्याही बबनराव होते, कारण चतुरा अनसिंगलाच दिलेली. जानरावानं त्यांना खुर्ची मागवली, तंबाखू दिला, "इवाई, आज तुमची जिरवतो," असं हसत म्हणालाही. व्याह्यांनीही हसून मिशीवर हात फिरवला.

खेळ सुरू झाला. नियम कोणाला ठाऊक होते? चेंडू दोन बांबूंच्या मधून घातला की जिंकला, एवढं जानरावाला कळलं होतं, आणि त्याच्या मते एवढं पुरेसं होतं. अर्धा तास झाला नसेल, रूपलानं डाव्या बाजूनं मुसंडी मारली आणि चेंडू बांबूंतून पार केला.

चीत! जानरावाच्या डोळ्यांना समोर आखाडाच दिसला. दोरी ओलांडून तो आत, डफडं वाजवत जगदेव त्याच्या मागं, आणि त्यांच्या मागं दोनशे माणसं. जानरावानं रूपलाला खांद्यावर घेतलं, आपला फेटा सोडून त्याच्या डोक्याला गुंडाळला. तारबाबू शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. पण डफड्यापुढं शिट्टी कोण ऐकतो? अनसिंगकरांना मात्र वेगळंच दिसलं. देशमुखाच्या पोरानं त्यांना नियम शिकवून आणलं होतं. गोल झाल्यावर खेळ थांबत नसतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग ही दोनशे माणसं डफडं बडवत आपल्या पोरांच्या अंगावर कशाला धावताहेत? मारायलाच, दुसरं काय! पहिला दगड कुठून आला देवाला माहीत. मग कोणी मोजले नाहीत. धुरळा खाली बसला तेव्हा बबनराव खुर्चीसकट आडवे होते, आणि त्यांचं कपाळ भुवईपासून केसांपर्यंत उललं होतं.

एका उडीनं गावाला नाव पडतं ते असं. महिन्याभरात वाशीमच्या बाजारात जऊळक्याच्या माणसाला पाहून लोक गाऊ लागले, "जऊळक्याचं पाव्हणं, दगडानं जेवणं." आमची माणसं गप बसणारी नव्हती. त्यांनीही जोडलं, "अनसिंगकर हारून रडते, मंग चौकीची पायरी चढते." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे गावांनाही लागू आहे. पण खरं सांगायचं तर बदनामी जऊळक्याचीच जास्त झाली. मळणीला आलेले मजूर विचारायचे, "बाप्पा, तुमच्याकडं मारतबिरत तर नाहीत ना?"

जानरावाला गाण्याचं काही वाटलं नसतं. त्याला चतुरीचं लागलं. त्या कार्तिकात तिला तिसरा महिना होता. संक्रांतीला मनकर्णाबाईनं तिळाचे लाडू आणि लुगडं पाठवलं, ते बबनरावानं दारातूनच परत केलं. वर निरोप, की पोरगी बाळंतपणालाही येणार नाही, इथंच बाळंत होईल. पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! त्यात बबनराव विधुर. घरात सासू नाही, नणंद नाही, चुलत सासू होती ती डोळ्यांनी अधू. मनकर्णाबाई रोज देवापुढं दिवा लावताना नवऱ्याकडं पाहायची आणि काहीच बोलायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर जानरावाला सोसलं असतं. ते पाहणं त्याला सोसवेना. तो रात्री उठून अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि बैल उगाच उभे राहायचे.

माघ सरता सरता तो अनसिंगला गेला. बबनरावानं त्याला ओसरीवर बसवलं आणि बोट आपल्या कपाळाकडं नेलं.

"इवाई, हे रोज आरशात पाहतो मी."

"चुकलं माहं. मले वाटलं कुस्ती सरली."

"तुमाले वाटलं, अन् टाके मले पडले."

जानराव खाली मान घालून बसला. बसला म्हणजे काय, चारदा उठला आणि चारदा बसला. शेवटी बबनरावालाच त्याची दया आली असावी. तो माणूस वाईट नव्हता, मानी होता.

"होळी झाल्यावर सामना हाय, आता आमच्या गावात," बबनराव म्हणाला. "तुमची माणसं येतीन. एक मानूस दोरीच्या आत नाही आला, एक दगड नाही उचलला, तर दुसऱ्या दिवशी पोरगी गाडीत बसवून देतो. हा माहा शबद."

जानराव उठला तो थेट जऊळक्याला येऊन थांबला. आधी त्यानं तारबाबूंना गाठलं. तारबाबूंनी कपाळावर हात मारला. "अरे भाई, गोल हुआ तो खेल खतम नहीं होता!" मग जानरावानं धुळीत कडब्याच्या काडीनं मैदान काढून गावाला शिकवणी सुरू केली. "हे कुस्ती दोन घंटे चालते. चीत झाला तरी उठते अन् पुन्हा खेळते. आपुन तवापर्यंत बसाचं." लोक हसून लोळायचे. जानराव बसायला शिकवून राह्यला, यापेक्षा मोठा तमाशा गावानं पाहिला नव्हता.

पण तो घरोघर फिरला. दारात उभा राहून एकच म्हणायचा, "चतुरी तुमच्याच अंगणात वाढली. माह्यासाठी नाही, तिच्यासाठी दोन घंटे गप बसा." हे ऐकल्यावर हसू थांबायचं. लेक एकाची नसते, गावाची असते.

चावडीवर बैठक झाली तेव्हा जगदेवानं नेमकं दुखणं काढलं. "आमी बसू रे. पण तू? रूपलानं गोल केला अन् तू बसशीन?"

जानरावानं आपल्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मले बांधा."

"तुले एकट्याले कायले?" जगदेव म्हणाला. "सगळेच बांधून घेऊ. दुपट्ट्याले दुपट्टा."

असं ते ठरलं. धुळवडीनंतर चौथ्या दिवशी पंच्याऐंशी माणसं निघाली. सामन्याच्या आदल्या दिवशी रेल्वेनं वाशीम, धर्मशाळेत मुक्काम, आणि पहाटे बैलगाड्यांनी अनसिंग. गावाच्या शिवेवर जानरावानं प्रत्येकाची काठी काढून एका गाडीत टाकली आणि गाडी आंब्याखाली सोडली. डफडंही तिथंच ठेवलं. जगदेवानं ते ठेवताना त्यावरून हात फिरवला.

मैदानावर जऊळक्याची माणसं दोन रांगांत मांडी घालून बसली आणि एकेकानं खांद्यावरचा दुपट्टा, म्हणजे उपरणं, कमरेला आवळून त्याचं टोक शेजाऱ्याच्या दुपट्ट्याला बांधलं, घट्ट. दावणीला जनावरं बांधावी तशी. अनसिंगकरांना तर फुकटचा खेळ मिळाला. "अबे, जऊळक्याचे बैल आले! वैरण टाका!" कोणी खरंच कडब्याची पेंढी आणून फेकली.  जानरावाचा उजवा पाय आपोआप उडत होता, तो त्यानं दोन्ही हातांनी दाबून धरला. समोर खुर्चीवर बबनराव बसला होता आणि त्याची नजर मैदानावर कमी, जऊळक्याच्या रांगांवर जास्त होती.

पहिला अर्धा खेळ कोरा गेला. ऊन तिरपं झालं. सुट्टीनंतर रूपलाला चेंडू मिळाला, त्यानं दोघांना चकवलं, तिसऱ्याच्या पायाखालून काढला, आणि गोल!

जानराव उठला. खोटं कशाला सांगू, उठलाच. वीस वर्षांची सवय पायांत होती. पण डावीकडून जगदेवाची गाठ आणि उजवीकडून दुसरी, दोन्ही कमरेला आवळल्या आणि तो धपकन खाली आला. तोंडातून आवाज फुटू नये म्हणून त्यानं फेट्याचा शेव दातांत कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं. बाजूला जगदेवही तसाच, गाल फुगवून, घामानं थबथबलेला. पंच्याऐंशी माणसांतून एक हूं की चूं नाही. रूपलानं कौतुकाच्या आशेनं इकडं पाहिलं, आणि सगळे मुक्यासारखे बसलेले पाहून बिचारा ओशाळला.

जानरावानं चोरून बबनरावाकडं पाहिलं. बबनरावानं हळूच मान डोलावली. त्या मान डोलावण्यात जानरावाला चतुरी घरी आलेली दिसली, माजघरात बाज टाकलेली दिसली. आता थोडाच वेळ, फक्त थोडाच वेळ.

खेळ सरायला पाच-सात मिनिटं राहिली असतील. अनसिंगनं गोल फेडला. आणि जे कार्तिकात जऊळक्यात झालं होतं, तेच इथं झालं. अनसिंगची तरणी पोरं दोरी तोडून आत धावली. यांना नियम माहीत होते, म्हणून यांना तर माफीही नाही. सगळ्यांत पुढं होता नानाजी, बबनरावाचा मुलगा, जानरावाचा जावई. नानाजीनं जाता जाता रूपलाला ढकललं, रूपला पडला, रेल्वेची पोरं मधे पडली, आणि मग हातघाई सुरू झाली. बदला घ्यायला कार्तिकापासून टपलेली माणसं होती ती. त्यांना जऊळक्याच्या बांधून बसलेल्या रांगा समोरच दिसल्या. जानरावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, नानाजीनं वाकून दगड उचलला.

पहिला दगड रांगेच्या पुढं पडला. दुसरा कोणाच्या तरी पाठीत बसला.

"जानराव, गाठ सोडू दे!" जगदेव ओरडला.

"नाही! बसा! कोनी उठू नोका!"

"अबे मरू ना!"

"जगदेवा, तुह्या पाया पडतो. चतुरीसाठी. बसा रे, बसा!"

आणि ते बसले. डोक्यावर हात घेऊन, माना गुडघ्यांत घालून बसले. जऊळक्याची माणसं, ज्यांच्या नावानं बाजारात गाणी म्हणत होते ती, दगड खात बसली. एक दगड जानरावाच्या कानावर लागला. एक जगदेवाच्या डोळ्यावर. जगदेव ओरडलासुद्धा नाही, नुसता "हं" म्हणाला आणि जानरावाच्या मांडीवर कलंडला.

जमादार आणि दोन शिपाई आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. जऊळक्याच्या लोकांनी जखमींना गाड्यांत घालून वाशीमची वाट धरली. जगदेवाचा डोळा गेला होता. ते पाहणाऱ्या कोणालाही कळत होतं. गाडीत चढताना त्यानं जानरावाचा हात दाबला. "एकही उठला नाही," म्हणाला. "आता तू पोरगी घेऊनच ये."

जानराव एक गाडी ठेवून मागं थांबला. जमादारानं त्याला दिवेलागणीला चावडीवर बोलावलं होतं, जऊळक्यातर्फे जबानी द्यायला. चावडीच्या पायऱ्यांपाशी बबनराव उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"इवाई," तो हळूच म्हणाला, "तुमची मानसं बसली होती. म्या पाह्यलं. शबद मी मोडत नाही, पोरगी उद्या नेजा."

जानरावानं हात जोडले.

"पन जमादार विचारते पहिला कोन उठला. नानाजीचं नाव लिवलं तर त्याले घेऊन जाते." बबनराव थांबला. "डोळा गेला मानसाचा. सहज सुटनार नाही तो. पोरगी कोनाच्या घरून नेता, अन् तिले परत कोनाच्या घरी धाडता, तेवढं पाहा."

एवढंच बोलून तो बाजूला झाला. धमकी म्हणावी तर धमकी नव्हती, आणि याचना म्हणावी तर डोळ्यांत पाणी नव्हतं.

जानराव चावडीच्या पायऱ्या चढला, उतरला, पुन्हा चढला. जगदेवाचा हात त्याला अजून मनगटावर जाणवत होता. पंच्याऐंशी माणसं त्याच्या शब्दावर दगड खात बसली होती. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की आपण बसलो हे जगाला कळावं. तेवढं एकदा कागदावर आलं असतं, तर वाशीमच्या बाजारातलं गाणं बंद झालं असतं. जमादारानं दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, "बोला. कोण उठलं आधी?"

"आमची मानसं," जानराव म्हणाला. "पहिला मी."

जमादारानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. कानाला बांधलेली चिंधी रक्तानं भिजलेली होती. पण सरकारी टाक कानाकडं पाहत नाही. जऊळक्याच्या माणसांना पुन्हा कुठं सामन्याला नेणार नाही, असा मुचलका त्यानं लिहून घेतला आणि जानरावानं त्यावर अंगठा दिला.

लेकीच्या घरी तिला मूल होईपर्यंत पाणी प्यायचं नाही, म्हणून तो मारुतीच्या पारावर पडला. पडला कसला, फिरत राहिला. ही गोष्ट जऊळक्यात उद्यापर्यंत पोचणार होती. जगदेव आपलं तोंड बघणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि त्यात जगदेवाचं काही चुकेल असंही नव्हतं. जऊळक्याच्या विहिरीवरच्या बाया चतुरीला सांगतील, की आपली माणसं बसली होती. पण बापाच्या अंगठ्यापुढं त्यांचं ती कशाला खरं मानेल? गावाच्या बाया गावाचीच बाजू घेणार. राहता राहिला तो स्वतः. त्यानं खरं सांगितलं तर? तर जगदेवकाकावर दगड उचलणाऱ्या नवऱ्याच्या ताटात तिला जन्मभर वाढायचं होतं. पहाटेपर्यंत त्यानं पाराला किती फेऱ्या घातल्या, ते मारुतीलाच ठाऊक.

सकाळी बबनरावानं शब्दाप्रमाणं पोरगी दारात आणून उभी केली. खण-नारळानं ओटी भरली होती. पाय सुजलेले, चेहरा पिवळा पडलेला. नानाजी बाहेर आलाच नाही. जानरावानं गाडीत कडबा पसरून वर गोधडी टाकली, लेकीला हात देऊन चढवलं, आणि धुरेवर बसून बैलांच्या पाठीवर हात टाकला.

गाडी शिवेपाशी आली. आंब्याखाली काठ्यांनी भरलेली ती गाडी तशीच उभी होती, घाईत कोणी नेली नव्हती. चतुरानं काठ्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं.

"काय झालं, माय? धक्के लागून राह्यले काय?"

"नाही."

"मंग?"

आंबा मागं पडला.

"त्या घरात मी पाच महिने झाले मान खाली घालून राह्यले," चतुरा म्हणाली. "जो तो जऊळक्याचंच गानं म्हने. मी सगळ्याइले सांगे, माहा बा तसा नाही, तेव्हा चुकून झालं, आता पाहा तो कसा बसते ते. काल दिवसभर देवापाशी बसून होते. सांजच्याले मामंजी आले अन् म्हने, तुह्या बानं सोताच अंगठा देला, पहिला मीच उठलो म्हनून." तिनं बापाच्या पाठीकडं पाहिलं. "माह्यासाठी तुह्याच्यानं दोन घंटे बसवलं नाही, बा?"

जानरावाच्या हातातला कासरा ढिला झाला. बैल आपसूक थांबले. त्यानं मागं वळून लेकीकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं, आणि मग पुन्हा पुढं पाहिलं.

"नाही बसवलं, माय," तो म्हणाला, आणि बैल हाकलले.